निघायची धून

आमच्या गावाला पुराची भीती वाटत नाही, पुराची हौस वाटते. हे मी अभिमानानं सांगत नाही, वैतागून सांगते. नाल्याला पाणी आलं अशी नुसती कुणकुण लागली की हातातलं काम टाकून अख्खं गाव पुलाकडं धावतं. बाया ओटीचं सामान घेतात, माणसं मोबाइल घेतात, आणि ज्याला काहीच सापडत नाही तो छत्री घेतो. पूर्वी हे खपून जायचं. पाऊस झड धरून यायचा, नाला हळूहळू फुगायचा, लोक पाहून पाहून कंटाळायचे आणि घरी येऊन भजी खायचे. आता पावसाला तेवढा धीर राहिला नाही. पंधरा-पंधरा दिवस आभाळ कोरडं, सोयाबीन माना टाकतं, आणि मग एखाद्या दुपारी राहिलेलं सगळं पाणी एकदम. सकाळी ज्या नाल्यात बकऱ्या बसलेल्या असतात, तिथून दुपारी म्हैस वाहून जाते.

म्हणून गावात आपत्ती समिती झाली. समितीत कोण घ्यायचं यावर ग्रामपंचायतीत बरीच भांडणं झाली, पण माझं नाव मात्र एकमतानं आलं. मी कारण विचारलं तर सरपंचबाई म्हणाल्या, "तुहा आवाज नाल्याच्या पलीकडं जाते, म्हनून." मी वरच्या आळीत ब्लाउज शिवते. मशीन चालू ठेवून गिऱ्हाइकाशी बोलायची सवय, त्यामुळं आवाज चढाच राहिला. डोकंही लवकर तापतं, हे सरपंचबाईंनी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या मनात असणार.

मी लगेच हो म्हटलं. गावासाठी नाही, माझ्या अब्बांसाठी.

अब्बा बँडमास्तर. कामरगाव, धनज, पार कारंज्यापर्यंत लग्न असलं की आधी अब्बांची तारीख विचारायची आणि मग नवरदेवाची, अशी एकेकाळी रीत होती. पुढं डीजे आले, आणि डीजेच्या मागोमाग अब्बांचे पुढचे दात गेले. दात नसले की ट्रम्पेट वाजत नाही, नुसती हवा जाते. अब्बा म्हणत, "डीजेनं बँड खाल्ला अन माह्ये दात पन." अम्मी गेल्यापासून ते एकटेच राहतात, एक बकरी घेऊन. घर गावाच्या अगदी खाली, नाल्याला लागून. तिथं घर असायचं कारण असं की माझ्या दादांनी, म्हणजे अब्बांच्या अब्बांनी, बँड काढला तेव्हा तालमीचा आवाज गावाला नकोसा झाला, आणि गावानं मोठ्या प्रेमानं त्यांना नाल्याकाठची जागा दिली. माझं सासर याच गावात, वरच्या आळीत. म्हणजे लग्न होऊन मी फक्त चढ चढून आले.

मागच्या पावसाळ्यात त्या घरात पाणी शिरलं. मी धावत गेले तर अब्बा खाटेवर बसलेले, मांडीवर बकरी, आणि पाणी खाटेच्या दोरीला टेकलेलं. मला पाहून म्हणाले, "कायले आली भिजत? उतरून राह्यलं पानी."

"अब्बा, पानी खाटेले लागलं, वर माह्यं घर हाय. तुमी काहून नाई आले?"

"सगळ्याइच्या आधी मी निघू? बँडवाला शेवटी निघते."

हे खरं आहे. लग्नात बँडमास्तर सगळ्यात शेवटी निघतो. पाहुणे गेले, मांडव उतरला, उरलेला भात कोणी न्यायचा हे भांडून ठरलं, की मग तो ट्रम्पेट पिशवीत घालतो. पण ही लग्नाची रीत. ती पुराला लावणारा माणूस सगळ्या वाशिम जिल्ह्यात एकच निघाला आणि तो माझ्या नशिबी बाप म्हणून आला. पाणी त्या दिवशी उतरलं म्हणून वाचलो. रोज उतरेलच असं नाही. त्यानंतर आभाळ भरून आलं की माझी सुई बोटात जायची, आणि गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या लागायच्या.

तर समिती झाली आणि तालुक्याहून एक साहेब आले. तरुण, हडकुळे, अंगात चकचकीत पट्ट्यांचं जॅकेट. माणूस मनापासूनचा होता. त्यांनी शाळेत आम्हाला बसवून सगळं नीट समजावलं. शाळा टेकाडावर आहे, तिथवर पाणी कधीच येत नाही. भोंगा वाजला की सगळ्यांनी टेकाडावर यायचं. जनावरांची दावी आधी सोडायची. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. मग म्हणाले, आता याची एक रंगीत तालीम घेऊ. तालीम म्हटल्यावर मला बरं वाटलं, आमच्या घरातलाच शब्द.

जूनच्या सुरुवातीचं कडक ऊन होतं. नाल्यात पाण्याचा थेंब नव्हता. ठरल्याप्रमाणं साहेबांनी भोंगा वाजवला. तो असा ओरडला की कडुनिंबावरचे कावळे उठले. घरांची दारं धाडधाड उघडली, माणसं बाहेर आली, एकमेकांना हाका मारू लागली, आणि सगळं गाव धावत सुटलं. नाल्याकडं.

टेकाडावर साहेबांचा ड्रायव्हर आणि एक कुत्रं, एवढेच वेळेवर पोचले.

मी आणि साहेब पुलावर गेलो तर तिथं पाय ठेवायला जागा नाही. सगळे कठड्यावरून वाकून कोरडा नाला बघत होते. आमच्या आळीतली म्हातारी मावशी तर ओटीचं ताट घेऊन आली होती. तांदूळ, नारळ, हिरव्या बांगड्या, आणि मीच शिवून उरलेल्यातला खण. फुगलेल्या नाल्याची ओटी भरली की तो शांत होतो, ही आमच्याकडची समजूत, आणि मावशी त्या कामात कधी मागं राहिली नाही.

"पानी कुठं हाय?" तिनं साहेबांना विचारलं.

"मावशी, पाणी आलंय असं समजायचं."

"समजून वटी कशी भरू? ते का घरगुती खेळ हाय?"

"ओटी भरायचीच नाही मावशी. पळायचं. वर."

"भरलं ताट घरी वापस नेत नाईत," मावशी म्हणाली, आणि तिनं खरोखर कोरड्या नाल्याची ओटी भरली. नारळ दगडावर आपटून दोनदा उसळला. खाली एक म्हैस बसली होती, तिनं तांदूळ खाल्ले.

माझं डोकं फिरलं. मी कठड्यावर चढून सगळ्या गावाला बोल लावले. पाणी आलं की पाण्यापासून लांब जातात, एवढी अक्कल म्हशीलाही आहे म्हटलं. ती म्हैस नेमकी नाल्यातच बसलेली असल्यामुळं लोक हसले. साहेब हसले नाहीत. ते डोक्याला हात लावून पुलाच्या दगडावर बसले आणि हळूच म्हणाले, "ताई, ही माणसं नेमकी कशानं वर जातील?"

मी चिडूनच म्हटलं, "वर तमाशा ठेवा, म्हणजे जातील. यांना जिथं गंमत तिथं पाय."

बोलून गेले आणि मलाच एकदम सुचलं. मी साहेबांचा हात धरून त्यांना उठवलं आणि लग्नातली एक गोष्ट सांगितली.

अब्बांच्या बँडची एक स्वतःची धून होती. सिनेमातली नाही, कोणाची उसनी नाही, त्यांनी तरुणपणी नाल्याकाठी बसून बसवलेली. तिचं नाव निघायची धून. वऱ्हाड घेऊन जायला जीप आणि टेम्पो उभे असायचे आणि पाहुणे काही पंगतीतून उठायचे नाहीत. मग अब्बा ती धून वाजवायचे. पहिली फेरी म्हाताऱ्यांना उठून चपला शोधण्यासाठी, दुसरी बायांना पोरं गोळा करण्यासाठी, आणि तिसरी ड्रायव्हरसाठी. तिसरी फेरी संपली की गाड्या सुटल्याच. मागं राहील त्यानं पायी यावं, नाहीतर एसटीची वाट बघावी. अब्बांनी कधी कोणासाठी चौथी फेरी वाजवली नाही. त्यामुळं या पट्ट्यातल्या माणसाच्या कानात ती धून पडली की त्याचे पाय आपोआप उठतात, हातातली जिलबी हातातच राहते. आमचे मामू एकदा एकाच पायात चप्पल घालून कामरगावला पोचले होते.

साहेबांनी सगळं ऐकलं आणि मग असे हसत सुटले की त्यांच्या जॅकेटची चेन उघडली. "अहो, हेच तर आम्ही प्रशिक्षणात शिकवतो," ते म्हणाले. "म्हातारे, मग बायामुलं, मग सगळे. आणि पावसाळ्यात बँडला काम तरी काय असतं?"

काहीच नसतं. लग्नं संपलेली, बाजे पोत्यात. बँडला जेव्हा सुट्टी तेव्हाच नाल्याला काम, हे इतक्या वर्षांत आम्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अब्बांना विचारायला आम्ही तिघं गेलो, मी, साहेब आणि अब्बांचा जुना चेला. हा चेला आता पंखे दुरुस्त करतो, पण ट्रम्पेट त्याच्याच हाती गेलेला. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि बकरीकडं बघत बसले. आतून हरखले होते. मी ओळखते, हरखले की त्यांचा डावा पाय ताल धरतो.

"वाजवा," ते म्हणाले. "पन ड्रेस पायजे. बिना ड्रेसचा बँड म्हंजे नुसता कल्ला."

"चाचा, पुरात ड्रेस कसा..." साहेब बोलू लागले.

"नवरदेव भिजला तरी आमी ड्रेसमधी राहतो, साहेब."

अशा रीतीनं आमच्या गावाचं आपत्ती पथक लाल कोट, सोनेरी झालर आणि तुऱ्याच्या टोप्या घालून तयार झालं. कोट मी दुरुस्त केले. पंखेवाल्याचं पोट मध्यंतरी इतकं वाढलं होतं की दोन कोटांचा एक करावा लागला. ढोलावर गावातला ऑटोवाला, ताशावर बांगडीवाला. शाळेत एक खोली बाजांसाठी मिळाली. दुसरी रंगीत तालीम झाली, टेकाडावर धून वाजली, आणि काय सांगू, दुसऱ्या फेरीला गाव वर. म्हाताऱ्या चपला हातात घेऊन, बाया पोरं काखेत मारून. मावशी ताट घेऊनच आली, पण वर आली. साहेब टाळ्या वाजवत होते. एका पोरीनं विचारलं, "जेवन कुठं हाय?" म्हणून पुढच्या वेळी बुंदी ठेवायचं ठरलं.

सगळ्या गावात एकच घर रिकामं झालं नाही. माझ्या बापाचं.

मी तणतणत खाली गेले. अब्बा अंगणात बसून बकरीला कडबा घालत होते. "तिसऱ्या फेरीत त्या पोट्ट्यानं मार खाल्ला," ते म्हणाले. "थांबा चुकवला."

तिसऱ्या फेरीत एक जागा आहे. सूर चढत चढत जातो, वाटतं आता खाली येईल, आणि तिथं तो एक क्षण थांबतो. त्याला अब्बा थांबा म्हणतात. तो थांबा धरला की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि नाही धरला तर सगळी धून वरणात पडलेल्या पापडासारखी होते.

"थांबा गेला चुलीत," मी म्हटलं. "तुमी काहून नाई आले?"

"तालीम होती. मले कायले तालीम पायजे?"

"अन खरं पानी आलं तर?"

"सगळे निघाले की निघतो." मग बकरीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "या नाल्यानं माह्या सगळ्या तालमी आयकल्या. तो मले काही करत नाई."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी जास्तच ओरडते. मी ओरडले. ते ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "तुहा आवाज मात्र सुरात हाय." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

ऑगस्टात तो दिवस आला. जेवणं होऊन गेली होती, लख्ख ऊन पडलेलं, मी एका नवरीचे ब्लाउज घेऊन बसले होते. साहेबांचा फोन आला. "ताई, वरच्या गावांत ढग फुटलाय. पाणी निघालंय तुमच्याकडं. वाजवा."

मी बाहेर येऊन पाहिलं तर आभाळ निळं. फक्त वरच्या अंगाला, लांब, एक काळी भिंत उभी होती. नवऱ्याला हाक मारली, "अब्बाइले घेऊन या," आणि मी टेकाडाकडं धावले. ऑटोवाला आणि बांगडीवाला आधीच पोचले होते, कोटाच्या गुंड्या लावत. मी विचारलं, "पंखेवाला कुठं?"

"कारंजाले गेला. तांब्याचा तार आनाले."

आम्ही तिघं ट्रम्पेटकडं बघत राहिलो. मग ते दोघं माझ्याकडं बघू लागले.

मी ट्रम्पेट कधी तोंडाला लावला नव्हता. पोरींनी बँडमध्ये वाजवायची रीत नव्हती, आणि अब्बांनीही कधी हातात दिला नाही. पण ती धून मी पाळण्यात ऐकली होती, चुलीपाशी ऐकली होती, तापात ऐकली होती. कोणतं बटण कधी दाबायचं हे मला अब्बांची बोटं बघून पाठ होतं. एवढंच की बोटं पाठ असणं वेगळं आणि फुंक येणं वेगळं. मी ओढणी कमरेला खोचली, पंखेवाल्याचा दोन माणसांचा कोट अंगावर चढवला आणि जीव खाऊन फुंकलं.

जो आवाज निघाला तो मी इथं लिहू शकत नाही. बांगडीवाला ताशावर आडवा पडून हसायला लागला. मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा सूर निघाला. फाटका, रेडकासारखा, पण त्याला वळण धुनेचं होतं. ढोलवाल्यानं ते वळण पकडलं आणि ताल धरला. खाली दारं उघडली. लोक उन्हात आले, वर बघू लागले. लाल कोटातली मी, गाल फुगवून उभी. हसत हसत का होईना, गाव चढायला लागलं. पहिल्या फेरीत म्हातारे, दुसऱ्या फेरीत बायापोरं, मागून बकऱ्या, एक वासरू. लोक चढता चढता नाचत होते. कोणीतरी शिट्टी मारली. मलाही आतून हसू फुटत होतं आणि हसलं की फुंक जात होती, त्यामुळं धून मध्येमध्ये तुटत होती आणि लोक आणखी हसत होते.

मावशी पोचली, धापा टाकत. ताट घेऊन ती टेकाडाच्या कडेला गेली, नाल्याच्या दिशेनं तांदूळ उधळले आणि म्हणाली, "इथूनच घे बाप्पा. आज आमाले टाइम नाई."

तेवढ्यात पाणी दिसलं. आधी आवाज आला, मग वळणावरून ते लालभडक, फेसाळ, काट्याकुट्यांसकट उतरलं आणि बघता बघता पुलाला लागलं. हसणं थांबलं. सगळे मान वळवून बघत होते, पण या वेळी टेकाडावरून.

माझा नवरा एकटाच चढून आला. "आतून कडी लावली," तो म्हणाला. "म्हंते, गाव निघू दे आधी. मी म्हटलं सगळे निघाले. म्हंते, धून कुठं संपली?"

धून कुठं संपली. तिसरी फेरी व्हायची होती. खाली त्यांच्या घराचं टिनाचं छप्पर दिसत होतं, आणि नाला अंगणाच्या कुंपणाला आलेला. मला धावत जायचं होतं. नवऱ्यानं कोट धरून ठेवला. तो म्हणाला, "वाजव."

मी तिसरी फेरी धरली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि आता वरूनही पाऊस आमच्यावर आला. सूर चढत गेला, चढत गेला, थांब्याची जागा आली, आणि तिथं माझा श्वास संपला. ट्रम्पेटमधून असा काही चिरका आवाज निघाला की वासरू दावं तोडून पळालं. मी पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथंच आपटले. तिसऱ्यांदा तर आधीच्यापेक्षा वाईट.

खाली दार उघडलं.

आधी छत्री बाहेर आली, मग बकरी, मग अब्बा. छत्री बकरीवर धरलेली. घोटाभर पाण्यातून ते ताडताड चालत आले, चढाला लागले, आणि चढताना त्यांचा हात हवेत असा फिरत होता की मी इतक्या लांबून ओळखलं, ते शिव्या देत होते. आयुष्यात मला कोणाच्या शिव्यांचा इतका आनंद झाला नव्हता. मी वाजवतच राहिले. थांबले तर ते मागं फिरतील अशी धास्ती होती. जेवढं वाईट वाजवता येईल तेवढं वाजवलं, आणि त्याला फारसे कष्ट पडले नाहीत.

"बंद कर," वर येऊन ते म्हणाले. "मेलेल्या मानसाले बी उठवशीन तू. थांबा कुठं गेला?"

मी ट्रम्पेट खाली ठेवायला लागले, त्यांच्या गळ्यात पडायला.

"बाजा खाली ठेवू नको," ते म्हणाले. "छातीतून नाई, पोटातून. खांदे पाड. पुन्ना."

आणि माझ्या बापानं मला आयुष्यात पहिल्यांदा ट्रम्पेट शिकवला. भर पावसात, सगळ्या गावासमोर, माझ्या दंडावर बोटं ठेवून. एक बोट दाबलं की मी एक बटण दाबायची. थांब्याची जागा आली की ते माझा दंड घट्ट धरून ठेवायचे, आणि सोडला की मी सूर सोडायची. मागं त्यांच्या घरात पाणी शिरलं. खाट तरंगत बाहेर आली आणि बाभळीला अडकली. लोक हाय हाय करत होते. अब्बांनी एकदा वळून पाहिलं, "खाट हाय ते," म्हणाले आणि पुन्हा माझ्याकडं वळले. "पुन्ना."

साहेब आले तेव्हा पाऊस थांबलेला होता. ते माणसं मोजायला आले होते, घाबरलेले. टेकाडावर त्यांनी पाहिलं ते असं: सगळं गाव चिखलात नाचतंय, मावशी फुगडी घालतेय, आणि मधोमध एक बाई दोन माणसांचा कोट घालून पिपाणीसारखं काहीतरी वाजवतेय. साहेबांनी कोणी राहिलं का विचारलं. मी म्हटलं, कोणीच नाही. म्हटल्यावर मलाच ते ऐकून असं वाटलं की आता उडता येईल.

अब्बा आमच्याकडं राहिले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. भिंती पक्क्या निघाल्या, गाळ उपसला, आणि ते पुन्हा खाली गेले. मी म्हटलं, वर राहा. तर म्हणाले, "तुही मशीन बेताल हाय. मले झोप येत नाई." तेव्हापासून शिकवणी मात्र रोज संध्याकाळी, त्यांच्या अंगणात. पंखेवाल्याला मी सांगितलं, बाबा, तू पंखेच बघ.

ती धून मला आता नीट येते. थांबासुद्धा. अंगणात मी तो धरला की अब्बांचा डावा पाय ताल विसरून थांबतो.

पण टेकाडावर येत नाही. त्यानंतर कितीतरी वेळा वरून फोन आला, कितीतरी वेळा वाजवलं. पहिली फेरी चोख, दुसरी चोख, गाव वर येतं. तिसऱ्या फेरीला मी खाली त्या टिनाच्या छपराकडं बघते आणि थांब्याच्या जागी धाडकन आपटते. दार उघडतं. छत्री, बकरी, अब्बा, आणि चढभर शिव्या. सगळं गाव तोंड दाबून उभं राहतं. कोणी बोलत नाही, मावशीसुद्धा नाही.

परवा आले, धाप टाकत माझ्या शेजारी उभे राहिले. मग म्हणाले, "अंगनात बरोबर वाजवते. पानी आलं की चुकते. भेव वाटते काय तुले?"

"हाव," मी म्हटलं. खरंच वाटत होतं.

त्यांनी बकरीची दोरी माझ्या हातात दिली आणि अंगावरचं पाणी झटकलं.

"मंग चुकत जाय," ते म्हणाले. "मी येत जाईन."